तारांचं ओझं पेलणारी कमान

१ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाला एका मँडोलिनचं पेटंट दिलं. क्रमांक ५९८२४५. ऑर्व्हिल मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावात राहायचा. एकेकाळी बुटांच्या दुकानात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात वाद्यं बनवायचा. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट. त्याचं म्हणणं असं होतं की लाकूड वाकवून त्याला आकार दिला की ते कायम ताणाखाली राहतं, आणि ताणाखालचं लाकूड मोकळेपणाने थरथरत नाही. म्हणून वाकवायचंच नाही. जाड लाकूड घ्यायचं आणि नको तेवढं कोरून काढून टाकायचं. वाद्याचं तोंड कोरायचं, पाठ कोरायची, बाजूच्या भिंतीसुद्धा अखंड लाकडातून कापून काढायच्या.

सिद्धान्त अर्धाच बरोबर होता. लाकूड नीट तापवून वाकवलं आणि थंड होऊ दिलं, तर ते नव्या आकारात स्थिरावतं. त्यातला ताण फारसा उरत नाही. त्यामुळे भिंती कापून काढण्याचा उद्योग पुढे कुणी केला नाही. पण तोंडावरची फळी कोरून तिला व्हायोलिनसारखा फुगवटा द्यायचा, ही गोष्ट टिकली. ऑर्व्हिलने याच पद्धतीने गिटारीही बनवल्या होत्या. अशा गिटारीला आर्चटॉप म्हणतात. आर्च म्हणजे कमान.

गेली दोन वर्षं मी पुण्यात, फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, शनिवार-रविवारी अशी एक गिटार हाताने बनवतो आहे. अजून ती गिटार झालेली नाही. सध्या ती एक कोरलेली तबली, एक अर्धवट कोरलेली पाठ आणि साच्यात अडकवलेल्या दोन वाकवलेल्या पट्ट्या एवढीच आहे. या लेखाचा विषय मात्र माझी गिटार नाही. ती बनवताना मी या वाद्याचा इतिहास वाचत गेलो आणि त्यात मला लाकडापेक्षा वेगळंच काहीतरी सापडलं, ते सांगायचं आहे. पण आधी या कमानीचं काम काय, ते समजून घेऊ. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

कॉलेजच्या ट्रिपमध्ये कुणीतरी आणतं ती गिटार सपाट तोंडाची असते. तिच्यात घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा, तबलीला चिकटवलेली असते आणि तारा तिथेच बांधलेल्या असतात. तारा घोडीला गळ्याच्या दिशेने ओढतात, म्हणजे तबलीला पिळतात. आर्चटॉपमध्ये घोडी चिकटवलेलीच नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी राहते, सतारीची किंवा व्हायोलिनची राहते तशी. तारा तिच्यावरून जाऊन शेपटाकडच्या धातूच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बांधल्या जातात. इथे तबलीवर पीळ नसतो, सरळ खाली दाब असतो. सहा तारांचा एकूण ताण ७५ किलोच्या आसपास धरा, घोडीवर त्या तेरा-एक अंशांत वाकतात असं धरा. अकरावीचं त्रिकोणमिती वापरलं तर खाली येणारं ओझं १७ किलो निघतं. वाण्याकडचं तांदळाचं मोठं पोतं समजा. एवढं ओझं काही मिलिमीटर जाडीच्या लाकडाने रोज, वर्षानुवर्षं पेलायचं, आणि वर बोटाच्या हलक्या स्पर्शानेही थरथरायचं. सपाट फळी खचेल. कमान खचत नाही; जुन्या दगडी पुलांना जे कळलं होतं तेच हे.

आवाजही वेगळा येतो. सपाट गिटारीचा सूर पसरतो, रेंगाळतो. आर्चटॉपचा सूर पटकन उठतो, टोकदार असतो आणि लवकर विझतो. घरात एकट्याने वाजवायला तो थोडा कोरडाच वाटतो. पण तो घरासाठी नव्हताच.

१९०२ मध्ये कॅलमाझूतल्या पाच जणांनी ऑर्व्हिलच्या नावाने कंपनी काढली. पेटंटाचे त्याला २,५०० डॉलर मिळाले. तेव्हा अमेरिकेत मँडोलिनचं वेड होतं, गावोगावी मँडोलिनचे वाद्यवृंद होते आणि कंपनीचा धंदा त्यावर चालायचा. ऑर्व्हिल १९१८ मध्ये वारला. त्याच्या कल्पनेतून निघालेली खरी मोठी गिटार त्याने पाहिलीच नाही.

ती आली १९२२ मध्ये. लॉइड लोर नावाचा मँडोलिनवादक १९१९ मध्ये गिब्सन कंपनीत रुजू झाला होता. त्याला ध्वनिशास्त्राची गोडी होती आणि व्हायोलिनचा अभ्यास होता. त्याने एल-५ नावाची गिटार काढली. मध्यभागी गोल भोक नाही. दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी, इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं. आत तबलीला आधार देणाऱ्या दोन लांब पट्ट्या. तबली आणि पाठ ठोकून, ऐकून, ठरावीक सुरावर येईपर्यंत तासायची अशी पद्धत. मानेत पोलादी सळई, म्हणजे तारांच्या ओढीने मान वाकली तर सरळ करता येईल. ही सळई कंपनीतल्याच टेड मॅकह्यूची. काही वाद्यांच्या आत लोरच्या सहीचं लेबल असायचं. आज ते लेबल असलेलं वाद्य सापडलं की लिलावात बोली कुठल्या कुठे जाते.

तेव्हा मात्र ते पडूनच होतं म्हणायला हवं. मँडोलिनचं वेड ओसरलं होतं. लोकांना बँजो हवा होता, कारण बँजोचा आवाज मोठा. लोर १९२४ च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडला. त्याने पुढे काय केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात गमतीदार पान वाटतं: १९३३ मध्ये त्याने व्हिव्हिटोन नावाची कंपनी काढली आणि विजेवर चालणारी वाद्यं बनवायला घेतली. विजेशिवायची सगळ्यात चांगली जाझ गिटार ज्याने घडवली, त्यालाच फार लवकर कळलं होतं की पुढचा जमाना विजेचा आहे. व्हिव्हिटोन चाललं नाही, तो भाग वेगळा.

एल-५ ला दिवस आले ते जाझमुळे. १९२५ नंतर रेकॉर्डिंगमध्ये विजेचे मायक्रोफोन आले आणि बँजोइतका कर्कश नसलेला आवाजही तबकडीवर नीट उतरू लागला. एडी लँगसारख्या वादकाने दाखवलं की गिटार नुसता ठेका धरत नाही, बोलतेसुद्धा. हळूहळू बँडमधला बँजोवाला एक तर गिटारीवर आला, नाहीतर घरी बसला.

मग सुरू झाली मोठ्या आवाजाची शर्यत. बँड फुगत चालले होते. समोर डझनभर ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, मागे ड्रम, आणि मध्ये एक बिचारा लाकडी गिटार घेऊन. न्यूयॉर्कमध्ये एपिफोन नावाची कंपनी होती, स्टॅथोपूलो या ग्रीक कुटुंबाची. तिने १९३१ मध्ये आर्चटॉपची अख्खी रांग बाजारात आणली. गिब्सनने १९३४ मध्ये एल-५ ची रुंदी १६ इंचांवरून १७ वर नेली आणि वर १८ इंची सुपर ४०० आणली. नावातला ४०० हा आकडा म्हणजे तिची डॉलरमधली किंमत. पुढच्याच वर्षी एपिफोनने साडेअठरा इंची एम्परर काढली. आज मोबाइल कंपन्या कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून भांडतात, तसंच.

या आकाराचा पुरेपूर उपयोग कुणी केला असेल तर फ्रेडी ग्रीनने. १९३७ मध्ये तो काउंट बेसीच्या बँडमध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं! एम्पिफायर जवळजवळ नाहीच, सोलो जवळजवळ नाहीच. बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्याला एक झणका, लगेच हात उचलून आवाज बंद. तारा पट्टीपासून इतक्या उंच ठेवलेल्या की दुसऱ्याला त्या दाबताही येऊ नयेत. उंच तारा म्हणजे जोरात मारता येतं, आणि घोडीवरचा दाबही वाढतो. त्याचं वाजवणं वेगळं ऐकू येत नाही, आणि ते काढून घेतलं तर अख्खा बँड लंगडा होईल. आमच्या क्षेत्रात याला बॅकएंड म्हणतात.

पण तो अपवाद. १९३६ मध्ये गिब्सननेच ईएस-१५० बाजारात आणली. कोरलेल्या तबलीचीच आर्चटॉप, फक्त तारांखाली एक पिकअप, म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. तीन वर्षांनी चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनकडे गेला आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने सोलो घेऊ लागली. ख्रिश्चन १९४२ मध्ये २५ व्या वर्षी गेला. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. साडेअठरा इंचांची एम्परर जे करत होती, ते आता व्हॉल्यूमचं एक बटण करत होतं.

इथे एक तांत्रिक क्रूरपणा आहे. गणपतीत मंडळाचा माइक स्पीकरसमोर आला की कुईंऽऽ करतो, आठवतंय? तेच इथे होतं. स्पीकरचा आवाज तबलीला हलवतो, तबली तारांना, तारांचा आवाज पिकअपमधून पुन्हा स्पीकरला. तबली जितकी चांगली, जितकी पातळ आणि मोकळी, तितकी ती लवकर कुईं करते. म्हणजे ज्या गुणासाठी कारागिरांनी वर्षानुवर्षं लाकूड तासलं, तोच गुण आता दोष झाला. १९४९ मध्ये गिब्सनने ईएस-१७५ आणली. तिची तबली कोरलेली नाही, मेपलच्या प्लायवुडची, साच्यात दाबून फुगवलेली. मुद्दाम कमी थरथरणारी. ती गिटार म्हणून उत्तमच आहे, कित्येक जाझवादक आयुष्यभर तिच्यावर वाजवत राहिले. पण तिला कोरणाऱ्याची गरज नव्हती.

लेस पॉलची गोष्ट तर आणखी पुढची. १९४० च्या सुमारास त्याने चार बाय चार इंचांच्या पाइनच्या ओंडक्याला मान, तारा आणि पिकअप लावले. पोकळ पेटी नाही, तबली नाही, काही नाही. वाजत उत्तम होतं, पण लोकांना ते गिटार वाटेना. म्हणून त्याने एका एपिफोन आर्चटॉपचे मधून दोन तुकडे केले आणि ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे चिकटवले. निव्वळ दिसण्यासाठी. १९५२ मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची भरीव गिटार काढली, तिलाही वर मेपलची कोरलेली कमान दिली. आत पोकळी नाही, पेलायचं ओझं नाही. मूळ कामाशी त्या कमानीचा संबंध उरलेला नव्हता. ‘सेव्ह’ करायला आपण आजही फ्लॉपी डिस्कच्या चित्रावर क्लिक करतो, ज्यांनी आयुष्यात फ्लॉपी पाहिली नाही तेसुद्धा. लेस पॉलवरची कमान म्हणजे ती फ्लॉपी.

हे सगळं मी वाचत होतो त्याच वर्षात माझ्या ऑफिसात काम करण्याची पद्धत बदलत होती. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पाच-सहा, एवढा वेळ घालून मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं आता मशीनला एका परिच्छेदात सांगितलं की दोन मिनिटांत समोर येतं. बहुतेक वेळा बरोबर येतं. कॅन्टीनमध्ये चर्चा एकच: आपलं काय होणार. त्यावर दोन ठरलेली उत्तरं असतात. एक, काही होत नाही रे. दोन, संपलं सगळं. मला या दोन्ही उत्तरांचा कंटाळा आला होता. म्हणून मी उलटा प्रश्न घेऊन वाचू लागलो: १९४० नंतर कमान कोरणाऱ्यांचं प्रत्यक्षात काय झालं?

न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत, केनमेर स्ट्रीटवर ४० नंबरचं एक छोटं दुकान होतं. १९३२ मध्ये, मंदी भरात असताना, जॉन डीअँजेलिको नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाने ते उघडलं. लहानपणी नात्यातल्या एका वयस्कर कारागिराकडे व्हायोलिन आणि मँडोलिन बनवायला शिकलेला. त्याच्या सुरुवातीच्या गिटारी म्हणजे एल-५ ची सरळ नक्कल होती. पुढे त्याने आपले दोन मुख्य नमुने बसवले, एक्सेल आणि न्यूयॉर्कर. हाताखाली एक-दोन मदतनीस. प्रत्येक गिटारीला नंबर, आणि नंबर वहीत. १९६४ मध्ये तो गेला तेव्हा गिटारींची एकूण संख्या होती ११६४. बत्तीस वर्षांत अकराशे चौसष्ट. वर्षाला सरासरी छत्तीस.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. ईएस-१५० आली १९३६ मध्ये. ईएस-१७५ आली १९४९ मध्ये. लेस पॉल १९५२. म्हणजे डीअँजेलिकोच्या दुकानाची बहुतेक सगळी वर्षं, जी गिटार तो बनवत होता तिची मूळ गरज संपल्यानंतरची आहेत. तो काही विजेच्या विरोधात हट्टाने बसला नव्हता. गिऱ्हाइकाला पिकअप हवा असेल तर बसवून द्यायचा. बाहेरून प्लायवुडच्या पेट्या विकत घेऊन त्यांना आपली मान लावलेल्या गिटारीही त्याच्या दुकानातून गेल्या. पोट होतं. पण कोरायचं त्याने थांबवलं नाही आणि घेणारेही थांबले नाहीत. जाणकार त्याच्या सर्वोत्तम गिटारी १९३० च्या दशकातल्या, म्हणजे गरजेच्या काळातल्या मानत नाहीत, नंतरच्या मानतात. मला हे वाचून आश्चर्य वाटलं. माझी अपेक्षा उलटी होती.

१९५२ मध्ये त्याच्याकडे जिमी डीॲक्विस्टो नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आला. आधी झाडलोट, निरोप पोचवणं, मग हळूहळू लाकूड. गुरू गेल्यावर दुकान त्याने चालवलं. बरीच वर्षं तो गुरूचेच नमुने करत राहिला, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे होते. मग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. शिंपल्याची नक्षी काढली. प्लास्टिकच्या कडा काढल्या. धातूचं वजनदार शेपूट काढून तिथे एबनीचं हलकं शेपूट बसवलं. एफची भोकं बदलली. कधी लांबट, कधी नुसत्या दोन वळणदार फटी. या गिटारी पुन्हा एकदा विजेशिवाय ऐकायच्या होत्या, पण आता कुठल्याही ट्रंपेटशी भांडायचं नव्हतं. त्यामुळे त्यांना ओरडायची सक्ती नव्हती. त्यांचा सूर खोल आहे, थोडा रेंगाळतोसुद्धा. १९३४ मध्ये अशी गिटार कुणी बँडमध्ये आणली असती तर दुसऱ्या दिवशी परत केली असती.

डीॲक्विस्टोने स्कॉट चिनेरी नावाच्या संग्राहकासाठी एक गडद निळी गिटार बनवली होती. १९९५ मध्ये डीॲक्विस्टो वारला, वयाच्या ५९ व्या वर्षी; त्याचा गुरूही ५९ व्या वर्षीच गेला होता. त्यानंतर चिनेरीने २२ कारागिरांना एकच काम दिलं: १८ इंची आर्चटॉप बनवा, रंग तोच निळा, बाकी तुमची मर्जी. त्या गिटारी पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात मांडल्या गेल्या. बावीस माणसं! ज्या कौशल्याची गरज पन्नास वर्षांपूर्वी संपली होती, ते कौशल्य असलेली. १९३४ मध्ये तरी अशी हाताने सगळं करणारी बावीस माणसं सापडली असती का, मला शंका आहे. तेव्हा कारखाने होते.

आणि कारखान्यांबद्दल बोलायचं तर, ‘हाताने बनवलेल्या वस्तूत आत्मा असतो’ वगैरे मला पटत नाही. लोरची एल-५ कारखान्यातच बनत होती, आणि गिब्सनकडे लाकूड ढोबळ कोरायला यंत्रंही होती. माझा एक मित्र नेहमी म्हणतो, सीएनसीवर टाक ना, दुपारपर्यंत होईल. तो चूक नाही. आज उत्तम नाव असलेले कारागीर ढोबळ कोरणं सीएनसीवर करतात. मी करत नाही, कारण मला करायचं तेच आहे. हात लागतो तो शेवटच्या मिलिमीटरला. स्प्रूसच्या दोन फळ्या एकाच झाडातल्या असल्या तरी एक दुसरीपेक्षा कडक असते. ड्रॉइंगमधली जाडी दोघींना सारखी लागू पडत नाही.

तबलीचं लाकूड पाचरीसारखं येतं, पुस्तक उघडावं तशा दोन फाका जोडून मध्ये सांधा. सांध्याजवळ ते साधारण एक इंच जाड असतं. संपतं तेव्हा मध्यभागी ६ मिलिमीटर आणि कडेच्या आतल्या बाजूला ३ च्या आसपास. म्हणजे पैसे देऊन आणलेल्या लाकडाचा पाऊण हिस्सा ढलप्या होऊन केराच्या पिशवीत जातो. आधी गोल पटाशी, मग अंगठ्याएवढे पितळी रंधे, मग पोलादी पत्र्याचा स्क्रेपर. पुण्यातला पावसाळा या कामाचा वैरी आहे. लाकूड दमट हवेत फुगतं आणि फुगलेल्या लाकडात मारलेला जोड मार्चमध्ये उकलू शकतो. म्हणून जून ते सप्टेंबर मी फक्त कोरतो, काहीही चिकटवत नाही.

दर अर्ध्या मिलिमीटरला मी तबली दोन बोटांत धरून ठोकतो आणि मोबाइलवर रेकॉर्ड करतो. ॲप आलेख दाखवतं, शिखर कुठल्या हर्ट्झवर आहे ते सांगतं. लाकूड कमी होतं तसं शिखर खाली सरकतं. एवढं मोजता येतं. थांबायचं कुठे, ते त्या आलेखात नसतं.

हाच प्रश्न घेऊन मी मिरजेला गेलो होतो. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी शिकलगारांची, पूर्वी शस्त्रांना धार लावणारी. १९ व्या शतकात वाद्यांकडे वळलेली. म्हणजे गरज संपलेल्या कौशल्याचं आणखी एक उदाहरण, आपल्या घरचं. तिथल्या एका वयस्कर कारागिरांपुढे मी तबली ठेवली. त्यांनी ती ठोकली नाही. उलटी करून पाहिली.

“चाचा, मध्ये किती जाड ठेवू?” मी विचारलं.

“घोडी कुठं बसणार ते दाखवा आधी,” ते म्हणाले. “आणि तारा किती?”

मी सहा सांगितल्यावर त्यांना हसू आलं. सतारीला तरफा धरून अठरा-वीस तारा. सहा तारांसाठी एवढा खटाटोप त्यांना मजेशीर वाटला असावा. मग त्यांनी घोडीच्या दोन पायांच्या जागी अंगठे ठेवून दाबून पाहिलं, तिथून कडेकडे बोट सरकवत नेलं आणि कडेजवळ एका ठिकाणी पेन्सिलीने लहानसा गोल केला. “इथं अडलंय.” जाडीचा आकडा त्यांनी शेवटपर्यंत सांगितला नाही. ओझं कुठे पडतं आणि तिथून कुठे जातं, एवढंच पाहिलं. ऑर्व्हिल गिब्सनचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

आर्चटॉपवर अठरा-वीस तारा हे काही अशक्य नाही, बरं का. ब्रिजभूषण काबरा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, यांनी गिब्सनची सुपर ४०० घेतली, तारा उंच केल्या, चिकारीसारखी तार जोडली आणि मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत जी गिटार ऐकू येते, ती त्यांची. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी आर्चटॉपलाच तरफा लावून मोहनवीणा केली आणि राय कूडरसोबतच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. कॅलमाझूत ट्रंपेटशी भांडायला बांधलेली कमान आपल्याकडे मींड पेलू लागली. डझनभर जादा तारांचा ताण सपाट, चिकटवलेल्या घोडीच्या गिटारीने किती दिवस सोसला असता? कमानीला ओझं वाहायची सवयच होती.

माझ्यासारख्या माणसाला घरी बसून हे करता येतं, त्याचं श्रेय बरंचसं बॉब बेनेडेट्टोला आहे. १९६८ मध्ये पहिली आर्चटॉप बनवलेला हा कारागीर. १९९४ मध्ये त्याने ही गिटार कशी बनवायची यावर एक पुस्तक लिहिलं आणि सगळं उघड करून टाकलं: मापं, साचे, क्रम, हत्यारं. तोपर्यंत ही विद्या केनमेर स्ट्रीटसारख्या दुकानात झाडलोट करूनच मिळायची. आमच्याकडच्या शब्दांत, त्याने सोर्स कोड ओपन केला. आणि एक खोडकर गोष्ट केली: बांधकामाचं, गाठी असलेलं हलकं पाइन घेऊन त्याची आर्चटॉप बनवून दाखवली. ती चांगली वाजली. दुर्मिळ लाकडाच्या गप्पा मारणाऱ्यांची त्याने चांगलीच पंचाईत केली.

कॅलमाझूतला गिब्सनचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला, काम नॅशव्हिलला गेलं. गाव सोडायला तयार नसलेल्या काही जुन्या कामगारांनी पुढच्याच वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज नावाची कंपनी काढली आणि आर्चटॉप बनवायला लागले. कॅन्टीनमध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने विचारलं, “पण किती जणांना काम मिळालं?” प्रश्न बरोबर आहे. थोड्याच जणांना. उरलेल्यांचं काय झालं, ते गिटारींच्या पुस्तकांत नाही. बँजोवाल्यांचंही नाही.

माझी तबली आता मध्यभागी सव्वासहा मिलिमीटर आहे. मिरजेच्या पेन्सिलीचा गोल पुसला गेला आहे, कारण तिथलं लाकूड आता नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आतल्या दोन पट्ट्या सरसाने चिकटवेन.

फ्रेडी ग्रीन ऐकायचा असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, तिथे तो नसतोच. इयरफोन लावा आणि काउंट बेसीच्या १९५८ च्या ‘द ॲटॉमिक मिस्टर बेसी’मधलं ‘लिल डार्लिन’ लावा. संथ आहे. ट्रंपेटकडे लक्ष देऊ नका, बासकडेही नाही. बासच्या किंचित वर, प्रत्येक ठोक्याला, लाकडावर कुणीतरी हलकेच हात ठेवून उचलल्यासारखा एक आवाज येत राहतो.